जुनी डिस्क, नवा राउटर

मशीन ऐकत नाही असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. मशीन सगळं ऐकतं, तुम्ही त्याला नीट सांगत नाही. गोदामांमध्ये नेटवर्क लावायचं माझं काम, आणि गिऱ्हाइकांना मी हे इतक्यांदा ऐकवलंय की बायको म्हणते, पाटीच करून लाव. त्या शुक्रवारी राहनाळ गावच्या एका गोदामात मात्र माझी बोलती बंद झाली.

गोदाम तिथल्या एका चाचांचं. आधी कामतघरला त्यांचे कापड विणायचे लूम होते. ते विकून त्यांनी इथे गोदाम बांधलं आणि एका कंपनीला भाड्यानं दिलं. तिथलं नेटवर्क त्यांचा मुलगा बघायचा. तरणाताठा पोरगा, गेल्या वर्षी काविळीनं गेला. त्यानं बसवलेला राउटर, म्हणजे गोदामभर नेट वाटून देणारा छोटा कम्प्युटरच, आता बंद पडला म्हणून मला बोलावणं आलं. कंपनीचा निरोप होता, उद्यापर्यंत नेट चालू झालं नाही तर आम्ही माल वळ गावातल्या गोदामात हलवतो. चाचांना त्याची फिकीर होतीच, पण ते पहिलं बोलले ते वेगळंच.

"नवा लाव, कुठलाही लाव. पण त्याच्या हातचं काहीतरी त्यात चालू राहू दे. पुसू नकोस."

त्यांच्या घरची ही रीतच. नवा लूम बसवताना जुन्याचा एखादा भाग त्यात घालायचा, साधा नट का असेना, म्हणजे बरकत तुटत नाही. मी म्हटलं, आपल्या बापाचं काय जातंय. नव्या राउटरच्या पेटीत दुसऱ्या डिस्कची जागा रिकामीच होती, तिथे मुलाच्या राउटरमधली डिस्क बसवून दिली. नव्या डिस्कवर सिस्टिम टाकली, राउटरला राहनाळ असं नाव दिलं, पासवर्ड ठेवला आणि बंद करून पुन्हा चालू केला. चाचा तोवर नमाजला गेले होते.

पासवर्ड चुकीचा.

कॅप्स लॉक बघितलं. कीबोर्ड बदलला. एकेक अक्षर बोटानं दाबून, तोंडानं म्हणत टाकलं. नाहीच. मग चिडून सिस्टिम पुन्हा टाकली आणि शेंबडं पोरही विसरणार नाही असा पासवर्ड ठेवला, एक दोन तीन चार. चुकीचा. अरे, आत्ता तर ठेवला! शुक्रवारची सुट्टी, गोदामात चिटपाखरू नाही. राउटरच्या पंख्याची घरघर खोक्यांच्या थप्प्यांवर आपटून माझ्या पाठीमागून येत होती. मला सारखं वाटायला लागलं की पासवर्ड बरोबरच आहे आणि कुणीतरी तो वाचून नाही म्हणतंय. हसू नका, तिथे एकटं बसून बघा.

"अब्बा."

मी दचकून वळलो. मागे चाचा उभे होते, स्क्रीनवरची इंग्रजी अक्षरं जुळवून वाचत. इतका वेळ मी पासवर्डच्या ओळीतच डोळे घालून बसलो होतो. तिच्या वरच्या ओळीत राउटर आपलं नाव सांगतो. तिथे राहनाळ हवं होतं, तिथे अब्बा लिहिलेलं होतं. माझ्या हातानं टाकलेली कोरी करकरीत सिस्टिम, आणि तिच्यात हे. अंगावर सर्रकन काटा आला. खोटं कशाला बोलू, मी घाबरलो.

"राउटरला तो अब्बाच म्हणायचा," चाचा म्हणाले. "कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही, सगळं हाच ठरवतो, म्हणून." मग स्क्रीनकडे बघून हळूच म्हणाले, "बोल बेटा."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. चालू होताना राउटरला जुनी डिस्क सापडत होती आणि तो तिच्यावरचीच सेटिंग उचलत होता. नाव मुलाचं, पासवर्डही मुलाचा. माझा पासवर्ड त्याला ठाऊकच नव्हता. कारण कळलं, पण काटा काही गेला नाही.

चाचा आठवून आठवून एकेक सांगत गेले. आईचं नाव, बाइकचा नंबर, लहानपणच्या शाळेचं नाव. मी टाकत गेलो. प्रत्येक नकारानंतर खाली नव्यानं तीच ओळ यायची. बघता बघता स्क्रीन वरपासून खालपर्यंत अब्बा, अब्बा झाला. प्रत्येक वेळी चाचा मान हलवून ओ देत होते. मला ते बघवेना.

"चाचा, याला मागचा दरवाजा नाही. पासवर्ड माहीत नसला की सगळं पुसायचं, नाहीतर ही डिस्क काढायची. डिस्क तुमच्याकडेच राहील."

"पण मग ती चालू राहणार नाही."

"नाही राहणार."

त्यांनी स्क्रीनवरच्या शेवटच्या अब्बावर बोट ठेवलं. शेवटी म्हणाले, "काढ. कंपनी गेली तर खायचं काय?"

डिस्क काढली. पहिल्याच फटक्यात माझा पासवर्ड चालला, नेट आलं. स्क्रीनवर राहनाळ उमटलं. चाचा डिस्क हातात धरून वाकून ते वाचत राहिले.

"नाव काय, एका ओळीचं काम आहे," मी म्हटलं. "परत अब्बा टाकू का?"

"नको," ते म्हणाले. "तू लिहिलंस तर ती हाक तुझी होईल."