अंगी न लागलेलं

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही. बेलवलीत एक खोली, वडील मी शाळेत असतानाच गेलेले, आई उल्हासनगरात एका सिंधी शेठाणीच्या कारखान्यात जीन्सचे धागे कापायला जायची. त्यातून मी बायोकेमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले आणि अंबरनाथला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये लागले.

पहिल्याच धड्यात होतं, की सजीवाचं शरीर चार तऱ्हेच्या मोठ्या रेणूंवर उभं असतं. पिष्ट आणि साखर, स्निग्ध पदार्थ, प्रथिनं, आणि पेशीत वंशाचा नमुना सांभाळणारी न्यूक्लिक आम्लं. तो धडा वाचून मी आमच्या मांडणीकडे बघितलं होतं. भात, भाकरी, चहात बुडवायचा पाव. आमच्याकडे पिष्ट होतं. प्रथिनं पाव्हणे आले की.

नोकरी लागल्यावर मी रोज अंडी आणायला लागले. आमटी घट्ट झाली. आई जन्माची काटकुळी, शेजारणी तिला खराटा म्हणायच्या. वर्षभरात तिचा चेहरा भरला, हात गोल झाले. नळावर बायका म्हणायच्या, "लेकीचा पगार अंगावर दिसायला लागला हो." आई हसून पदर सारखा करायची. तिच्या अंगाचं कौतुक झालेलं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. मलाही बरं वाटायचं.

महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराच्या जत्रेत ती बांगड्या भरायला बसली. जुन्या मापाच्या चढेनात. कासारणीने तिचा हात तळव्यात धरून दाबला, चोळला. "ताई, हात सैल सोडा. बाळसं धरलंय तुम्ही या वयात." आई लाजली. मी मनगटाकडे बघत होते. कासारणीने हात सोडला तरी तिच्या अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला होता. मळलेल्या पिठात बोट रुतावं तसा. तो हळूहळू भरत आला तोवर दुसऱ्या हातात बांगड्या चढल्यासुद्धा.

मांस असं दबून राहत नाही. पाणी राहतं. रक्तातलं प्रथिन कमी झालं की पाणी नसांत थांबत नाही, अंगात पाझरतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि मार्क मिळवले होते.

घरी येऊन विचारलं, "लघवीला फेस येतो का गं?"

"येतो की. ती संडासात पावडर टाकते ना मी, त्याचा."

कॉलेजच्या वेळची एक काचेची नळी माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आईकडून नमुना मागून घेतला आणि मोरीत बसून स्टोव्हवर नळीचा वरचा भाग तापवला. तेवढ्यात मावशी आली. आईची थोरली बहीण, जांभूळ गावची. कधी भाजी, कधी सुकट घेऊन यायची आणि घरात कसला वास आला की बोलायचीच.

"काय गो शिजवतेस?"

आई म्हणाली, "माझं मूत."

"अगो बाई. पोटाला चिमटा घेऊन हिला शिकवली, ती यासाठी?"

 नळीत वरचा भाग पांढरा फुटत होता. व्हिनेगरचे थेंब टाकले, तरी तो विरला नाही. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा गठ्ठा बसला.

आई वाकून बघत होती. "हे माझ्यातून जातंय?"

"हो."

"म्हणजे तू आणतेस ती अंडी?"

तसं सरळ नसतं, पण मी हो म्हटलं.

मावशी मात्र ऐकेना. म्हणाली, अंग धरलंय तर धरू दे, डॉक्टर नसलेलं दुखणं काढतात. आणि बाहेर तर बोलूच नकोस, तुझं लग्न जमायचंय. आईचं ते लेकीत उतरतं म्हणतात.

"उतरतं," मी म्हटलं. "जे उतरायचं ते मी पोटात असतानाच उतरलं. आता गप्प बसून ते निघत नाही."

"कॉलेजात हेच शिकवतात. मोठ्यांना उलटं बोलायला."

आईच उठली आणि चपला घालायला लागली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर भरमसाट होती, आणि किती वर्षांची ते कुणालाच सांगता येईना. आईचा विश्वासच बसेना. साखर तिच्या शेठाणीला होती, गाडीतून फिरणारीला, जी जेवायच्या आधी पोटात सुई टोचून घ्यायची. "मी हाडकुळी, मला कुठली साखर?" आमच्याकडे सगळ्यांचा हाच समज. साखर खात्यापित्या घरचा आजार, धागे कापणारीच्या वाट्याला तो यायचाच नाही. म्हणून कुणी कधी बोट टोचून बघितलंच नव्हतं. इतकी वर्षं ती साखर मूत्रपिंडातल्या प्रथिनांना चिकटत राहिली होती आणि गाळणी फाटली होती. रक्तातल्या चरबीचा आकडाही वाढलेला, तोही याच दुखण्याने. मावशीने तेवढंच धरलं, "बघ, चरबी वाढली म्हणजे खाल्लेलं लागतंय."

कशीबशी दोन वर्षं गोळ्यांवर निघाली. मग दोन्ही मूत्रपिंडं बसली आणि उल्हासनगरच्या डायलिसिस सेंटरच्या फेऱ्या सुरू झाल्या. मशीनने पाणी ओढून काढलं तसा तिचा चेहरा पुन्हा हाडांवर आला. नळावरच्या बायका कौतुक करायच्या थांबल्या. मावशी येते, पण आईला खारट बंद म्हणून सुकटीशिवाय. पाणी आता मोजून प्यायचं असतं. आई घोट मोजत नाही, मी बघते म्हणून भांडं अर्धंच भरते.

मी माझं मूत्रपिंड द्यायचं ठरवलं होतं. आई नको म्हणत होती, मी तिला न जुमानता तपासण्या केल्या. आमचं जुळत होतं. जुळणारच, निम्मी मी तिचीच. पण माझी साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, या वयात ही साखर आणि आईचा असा इतिहास, तुमचं घेता येणार नाही. माझ्याशिवाय देण्यासारखं रक्ताचं कुणी नाही. मावशीची स्वतःची साखर त्याच आठवड्यात सापडली होती.

"बरं झालं," आई डॉक्टरांसमोरच म्हणाली. बाहेर येऊन ती माझ्याआधी रिक्षात बसली.

मग म्हणाली, "तुला पण?"

"काठावर आहे. अजून झालेली नाही."

"काठावर म्हणजे आहेच." तिने माझं मनगट धरलं आणि अंगठा रोवून दाबून बघितलं. खड्डा पडला नाही. ते बघूनही तिने हात सोडला नाही. "उद्यापासून भात कमी कर," ती म्हणाली. "आणि मी गेल्यावर रडत उपाशी बसू नकोस. वेळेवर जेव."