वसंताच्या हातची चिठ्ठी

माझा मित्र वसंत याला चिठ्ठ्या मागणाऱ्यांनीच फसवलं. हे आधी लिहितो, बाकीचं नंतर. दीड महिन्यापूर्वी मी बाजारात एका खोंडाचे दात बघत होतो, तेव्हा फोन आला. शाळेतून घरी निघालेल्या वसंत सरांच्या मोपेडला जीपनं मागून उडवलं होतं. मी निपाणीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... जीप अजून सापडलेली नाही.

आम्ही एका वर्गातले. मी सातवीत शाळा सोडून बैलांच्या व्यापारात शिरलो, तो मराठी शाळेत मास्तर झाला. मला कन्नड बोलता येतं, तावातावानं भांडता येतं, लिहिता मात्र येत नाही. आमचा भाग कर्नाटकात, कचेरीत कन्नडच चालतं, त्यामुळे तिथं गेलेला माझा प्रत्येक अर्ज त्याच्या हातचा. "तोंडानं भांडतोस तेवढं पुरं, अर्जात तरी गप बस की," म्हणायचा आणि माझे तापट शब्द गाळायचा.

मागच्या वर्षी एक पोलीस अधिकारी शाळेत आले. शाळेभोवती कुणी गांजा विकताना दिसलं तर चिठ्ठी लिहा, नाव घालू नका, आम्ही विचारणारही नाही, असं मुलांना सांगून पेटी लावून गेले. मुलं लिहीनात. अक्षर ओळखलं तर? मग वसंतानं तोड काढली. मुलांच्या मराठी चिठ्ठ्या तो स्वतः कन्नडमध्ये उतरवायचा आणि मूळ कागद चुलीत घालायचा.

"अन् तुझं अक्षर ओळखलं तर रं?" मी विचारलं होतं.

"माझं कन्नड अक्षर तुझ्याबिगर कोण बघतंय?"

तो गेला त्याच्या चार दिवस आधी, ज्याच्याबद्दल चिठ्ठी गेली होती तो माणूस बाजारात माझ्यापुढं उभा राहिला. खिशातून त्याच चिठ्ठीची झेरॉक्स काढली. "आप्पा, हे कुणाचं अक्षर हाय, सांग बघू."

आमच्याकडं भाव रुमालाखाली बोटांनी ठरतो, वर चेहरा दगडाचा ठेवायचा. उभा जन्म मी तो ठेवला. त्या दिवशी हलला. "मला काय कन्नड वाचता येतंय व्हय?" मी ओरडलो.

"न्हाय येत, ठाऊक हाय," तो हसला. "मग कचेरीतले तुझे ह्याच अक्षरातले अर्ज कोण लिवतंय, आप्पा?"

मी तसाच वसंताकडं गेलो. रजा टाक, बेळगावला पोरीकडं जाऊन राहा, म्हणून हातापाया पडलो. "मास्तर पळाला म्हटल्यावर पोरं परत तोंड उघडतील व्हय रं?" एवढंच म्हणाला...

तीनदा कचेरीत गेलो. अपघात आहे म्हणतात. संशय असेल तर लेखी द्या, कन्नडमध्ये द्या, म्हणतात. मी रिकामा कागद घेऊन परत येतो.

परवा त्याच्या वर्गातली एक मुलगी दारात आली. मुठीत घडी घातलेली चिठ्ठी. "आप्पा, सर न्हाईत. आता ही कुणाकडं द्यायची?" मी ती घेतली नाही आणि तिला परतही पाठवता आलं नाही.

माझ्या चेहऱ्याचा जाब वसंताच्या बायकोनं मला विचारावा, मी खाली मान घालून ऐकेन. पण पेटीतला कागद त्या माणसाच्या खिशात कुणी घातला? ते अधिकारी वर्गात येऊन बोलले होते. त्यांनी त्याच वर्गात पुन्हा यावं, त्या मुलीसमोर उभं राहावं आणि तो कागद बाहेर देणाऱ्याचं नाव सांगावं.