अकरा वाजताच्या टेस्ट

ऑफिसात तिला सगळे शंकाताई म्हणत. कुलूप लावून तीनदा ओढून बघणारी, गॅस बंद केला तरी अर्ध्या जिन्यातून परत फिरणारी बाई. तिला प्रोग्राम तपासणारी टेस्टर नेमताना कंपनीने फार अक्कल चालवली असेल असं नाही, पण काम मात्र अगदी अंगाबेताचं मिळालं.

कंपनी दवाखान्यांतले नंबर दाखवणारे बोर्ड चालवायची. नवा प्रोग्राम ऑफिसातून दवाखान्यात पोचवायला एकच कमांड होती, डिप्लॉय. ती फसली की बोर्ड बसलाच. म्हणून हिने त्या कमांडसाठी चाळीस टेस्ट लिहिल्या. मधेच नेट गेलं तर? फाइल अर्धवट पोचली तर? रोज अकराला त्या टेस्ट खोट्या, कुठल्याही दवाखान्याशी न जोडलेल्या सर्व्हरवर आपोआप चालत आणि हिच्या फोनवर सगळं ठीक असल्याच्या चाळीस हिरव्या खुणा येत. त्या बघितल्याशिवाय हिला चहा गोड लागत नसे.

वडील गेल्यावर आईने लोकांचे कपडे शिवून हिला शिकवलं, आणि त्या पायी डोळ्यांचं मातेरं करून घेतलं. डावा गेलाच होता. उजव्यात महिन्याच्या आत इंजेक्शन दिलं नाही तर तोही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचे, दहा ते बारा. आई दोनदा एकटी गेली आणि दोनदा तशीच परत आली.

"बोर्ड बंद पडला गं. सगळे नंबर पुसले. पुन्हा टोकन घ्या म्हणाले, तोवर तरणीताठी माणसं पुढे."

"मशीन आहे आई, पडतं कधीकधी," असं म्हणत ही भांडी विसळत राहिली.

तिसऱ्या खेपेला हिने रजा टाकली. डॉक्टरांनी दिलेला महिना परवा संपत होता. "आज तरी माझी हो," असं आईने बजावल्यामुळे लॅपटॉपही घरीच ठेवला.

आईचा नंबर एकतीस, बोर्डावर तेवीस. आई शेजारच्या बाईंना सांगत होती, "हा बोर्ड आमच्या मुलीच्या ऑफिसचा बरं का."

अकराला बोर्ड काळा झाला. त्याच क्षणी हातातला फोन थरथरला. चाळीस हिरव्या. मग बोर्ड पुन्हा लागला, त्यावर शून्य.

हिने चाळीसही टेस्ट मनातल्या मनात ओळीने आठवून बघितल्या. प्रत्येक टेस्टमध्ये खोट्या सर्व्हरचा पत्ता द्यायचा असतो. एका टेस्टमध्ये तेवढी एक ओळ राहिली होती, आणि पत्ता नसला की कमांड यादीतल्या पहिल्या गिऱ्हाइकाकडे जायची. पहिलं गिऱ्हाईक हाच दवाखाना; कमांड इथे नीट पोचायची, म्हणून खूण हिरवीच. गेले तीन आठवडे रोज अकराला ही स्वतःच हा बोर्ड पाडत होती. जगावर शंका घेणारीने आपल्या हातावर मात्र घेतली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

ही काउंटरकडे धावली. "जुनी टोकनं धरा ना, चूक आमच्याकडून झालीये."

"यादीच पुसलीये हो, कुणाकुणाचं खरं मानू?" काउंटरवरची बाई वैतागली. "तुमच्या ऑफिसात रोज तक्रार करते. म्हणतात, आमच्या टेस्ट हिरव्या आहेत."

हिने ऑफिसला फोन लावला. पलीकडून सहकारी हसला, "अगं, सगळं हिरवं आहे. तू निवांत रजा घे."

रेटारेटीत आईला नवं टोकन मिळालं, अठ्ठावन्न. बारा वाजता बोर्डावर बावीस होते. डॉक्टर दुसऱ्या गावी ऑपरेशनला निघाले. ही त्यांच्या मागे पळाली, तोवर लिफ्टचं दार मिटलं होतं.

परत आली तेव्हा लोक बोर्ड बनवणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडत होते आणि आई त्यांना समजावत होती, "शिव्या नका देऊ. माझी मुलगी बघेल. तिच्या नजरेतून काही सुटत नाही."

आईने चाचपडत हिचा हात धरला.

"पुढच्या आठवड्यात येऊ. तोवर ठीक करशील ना गं?"

बोर्ड ठीक करायला हिला दहा मिनिटं पुरली असती.