सगुणाबाईंचं मौन आणि करडी मांजरी

१९५३ ते ५५ अशी दोन वर्षं मी सगुणाबाईंकडे भाड्यानं राहिलो. भोकरदनच्या शाळेत मास्तर होतो, जेवणही त्यांच्याच घरी. बाई विधवा, साठीच्या. मुलगा मार्तंड जालन्याला नोकरीला, घरात त्या आणि सून अरुंधती. बाईंच्या जिभेला अशी धार की कुणी काही मागितलं तर आधी नकार, ऐकून घेणं नंतर.

चातुर्मासात मात्र त्या जेवताना मौन पाळत. तेही कडक. शब्द नाही, हुंकार नाही, हाताची खूणसुद्धा नाही. मौन मोडलं की पानावरून उठायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी राहायचं. एकोणीस वर्षांत ते एकदाही मोडलं नव्हतं. हे त्या स्वतःच सांगत, आणि वरचेवर सांगत.

या मौनाची खरी किंमत ओळखली होती एका करड्या मांजरीनं. एरवी तिला अंगणातही थारा नव्हता. चातुर्मास लागला की ती बाईंच्या पानापासून हातभर अंतरावर येऊन बसे. ओरडणं नाही, पानात तोंड घालणं नाही. शेपूट पायांशी गुंडाळायची, बाईंकडे बघायची, सावकाश डोळे मिटायची आणि उघडायची. बाईंनी मान फिरवली की उठून त्या बाजूला जायची आणि पुन्हा तेच. तिला शुक शुक करायचीही सोय नव्हती. बाई चार घास तग धरत, मग दूधभाताचा एक गोळा पानाबाहेर सरके. "ती चित्राहुती असती, मास्तर, देवाच्या नावाचा घास," असं मला मागाहून ऐकवत.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात जालन्याच्या वाटेवरल्या केदारखेड्याहून अरुंधतीच्या भावाचं कार्ड आलं. आईला जास्त आहे, लगेच निघ. अरुंधतीनं विचारलं, रडली, पाया पडली.

"चातुर्मास होऊ दे, मंग जा," बाई म्हणाल्या. "सोवळ्यात सैपाक कोन करील? तू गेल्यानं ती काय बरी होनार हाय?"

मी मध्ये बोलायला हवं होतं. जेवणाची सोय जाईल म्हणून गप्प बसलो. त्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी वाढून झाल्यावर अरुंधती चुलीकडे गेली नाही. मांजरीशेजारी येऊन बसली. हात मांडीवर, तोंडातून अक्षर नाही. नुसती सासूकडे बघत राहिली. मांजरी डोळे मिटत होती, ही मिटत नव्हती. डोळे भरून आले तरी तिनं ते पुसले नाहीत. बाई खाली मान घालून भराभर जेवल्या, आणि चूळ भरून होताच कडाडल्या, "हे काय थेर लावलेत?"

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथंच बसली. बाईंनी एक घास घेतला, दुसरा घेतला. तिसरा हातातच राहिला.

"जा," त्या म्हणाल्या. "जल्दी कर. जालन्याची मोटार निघून जाईल."

अरुंधती जागची हलेना. काय मोडलं ते तिला माझ्याआधी कळलं होतं.

"आत्याबाई, तुमचं जेवण..."

"मोडलं ते मोडलं. तुही माय काय माह्या जेवणासाठी थांबून राह्यली का?"

बाई भरल्या पानावरून उठल्या. अरुंधतीला मोटार मिळाली. तिची आई पुढं चार दिवस होती आणि लेकीच्या हातचं पाणी पिऊन गेली, हे आम्हाला नंतर कळलं.

त्या संध्याकाळी बाई ओसरीवर उपाशी बसल्या होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, जेवून, चूळ भरून मग सांगितलं असतं, तर मौनही राहिलं असतं आणि तीही गेली असती."

"चूळ भरल्यावर मी न्हाई म्हणले असते, मास्तर," त्या म्हणाल्या.