सासऱ्यांच्या पेरूंना मळीचं पाणी

मंडळी, वाचनालयाच्या भित्तिपत्रकात आज राजकारण नाही, पेरू आहेत.

माझे साडू दारूच्या कारखान्यात अधिकारी. उन्हाळ्यात त्यांनी रहाटणीला सासऱ्यांच्या बागेत मळीच्या सांडपाण्याचा टँकर पाठवला. "उत्तम खत आहे, मामा. शिवाय फुकट!"

झाडं तेव्हा ताणावर होती, म्हणजे पावसाळी बहारासाठी त्यांचं पाणी तोडलेलं होतं. साडू म्हणाले, "मग पाणी मिसळायची भानगड नको. असंच सोडा."

सोडलं. पानं भराभर गळली. ताणावर पानं गळतातच, म्हणून मामा खूश! पण पाऊस सुरू होऊनही फूट येईना.

आज आकुर्डीला साडूंच्या बंगल्यावर गेलो. अंगणातले पेरू कसे तजेलदार.

"यांनाही तेच अमृत पाजता का हो?"

"छे! यांना शेणखत. ते पाणी नुसतं घातलं तर मुळं जळतात."

"मग मामांच्या झाडांना?"

"अहो, टँकर कुठेतरी रिकामा करायचाच होता. नदीत सोडलं तर लोक भांडायला येतात. मामा काय, घरचेच!"

मला संस्कृतात निवडक शिव्या येतात. त्या मनातच म्हणत चपला घातल्या.

परतताना रहाटणीला थांबलो. मामा नखाने फांदीची साल खरवडून आत हिरवं शोधत होते. म्हणाले, "येईल की फूट. थोरल्या जावयांनी एवढा टँकर धाडलाय."

मी खरं सांगितलं, तर धाकटा जावई मत्सरी ठरणार. नाही सांगितलं, तर मामा रोज फांद्या खरवडणार. तुम्ही काय केलं असतं?