पाहुण्यांसाठी आवरलेलं घर

आमचं लंडन कॅनडातलं. गावाबाहेर कुणा इंग्रजानं हौसेनं बांधलेली एक इस्टेट होती: दगडी फाटक, झाडांची दुतर्फा रांग, बावीस खोल्या. मंदीत नवऱ्याची नोकरी गेली, तेव्हा मी वृद्धांच्या देखभालीचं काम धरलं आणि तिथं पोचले. दिवाणखान्याचं छत ओघळलेलं, जिन्याखाली बादल्या मांडलेल्या. बडा घर पोकळ वासा.

त्या इंग्रजाची नात तिथं एकटी उरली होती, नव्वदीला टेकलेली. पण बाई शहाण्या. सगळं घर बंद करून स्वयंपाकघरात राहायच्या. पलंग, किटली, रेडिओ, शेजारीच वॉशरूम. सगळं दहा पावलांत. पसारा होता, पण कुठलीही वस्तू त्यांना डोळे मिटूनही सापडायची.

मग पत्र आलं. त्या एकट्या राहू शकतात का, हे बघायला सरकारी तपासनीस येणार होता.

"मला इथेच मरायचंय," बाई म्हणाल्या. "मला हलवू देऊ नकोस."

काळजीच करू नका, असं मी ठणकावून सांगितलं. आणि केलं काय? पाहुणे येणार म्हटल्यावर माझ्या आईनं केलं असतं तेच! स्वयंपाकघरात पलंग? लोक काय म्हणतील? नवऱ्याला बोलावून पलंग वरच्या जुन्या खोलीत नेला. पसारा कपाटात कोंबला, दिवाणखाना उघडला, चांदीची किटली घासली. बाईंनी मोत्यांचा सर घातला. खूश होत्या.

तपासनीसानं चहा घेतला आणि बेडरूम विचारली. जिना चढला, छताकडे बघितलं, गार पडलेल्या हीटरला हात लावला.

"पलंग एरवी खाली असतो," मी म्हटलं. त्याला वाटलं, मी सारवासारव करतेय.

महिन्याभरात बाईंना वृद्धाश्रमात हलवलं. मला रडू आलं नाही, स्वतःचा रागही आला नाही. मी नुसती बधिर झाले होते. घरी येऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला, पोळ्या लाटल्या, जेवले. पुढचे कित्येक दिवस तसेच गेले.

शेवटी भेटायला गेले. एकच खोली. पलंग, किटली, रेडिओ, सगळं दहा पावलांत. मी सवयीनं त्यांचं टेबल आवरायला लागले.

बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"आज कोण येणार आहे?" त्यांनी विचारलं.