अळणी भात

आमच्या गावच्या अंगणवाडीत महिला मंडळ दुपारी मराठीचा वर्ग चालवतं. आंबेबागांच्या राखणीला नेपाळहून आलेल्या कुटुंबांतल्या बायका तिथे येतात. परवा मनमाया उशिरा आली आणि दारातच उभी राहिली.

“काय झालं गं?” मी विचारलं.

“आई गेली, बाई. सकाळी फोन आला.”

बाजारात, दवाखान्यात, एसटीत तिचं अडू नये म्हणून आम्ही तिला मराठी शिकवत होतो. ती भाषा तिला यासाठीही लागेल, हे मनात आलं नव्हतं. माहेर इतकं लांब, की लगेच निघाली असती तरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं. माणूस परमुलखात संसार मांडतो, पण रडायला त्याला आपलंच अंगण लागतं.

संध्याकाळी आम्ही मंडळातल्या बायका तिच्या खोलीवर जमलो; शेवंतीकाकी पिठलं-भात घेऊन आल्या. तिने हात जोडले. “आमच्यात आई गेली की मीठ खात नाहीत, काकी.”

काकी परत घरी गेल्या आणि नुसता भात शिजवून घेऊन आल्या. तिच्याबरोबर आम्ही सगळ्याच अळणी जेवलो. आमच्यातल्या एकीनेही तिची आई पाहिली नव्हती.

“कशी होती गं आई?” काकींनी विचारलं.

मनमायाने दोनदा मराठीत सुरुवात केली, अडली, आणि मग नेपाळीतच बोलू लागली. आम्हाला फारसं कळत नव्हतं. तरी तिचं बोलून होईपर्यंत कोणी उठलं नाही.